कॉर्डलेस मर्दुमकी

नाशिकमधल्या सातपूरच्या किंवा अंबडच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात गॉगल न घालता ड्रिलिंग मशीनसमोर उभं राहून दाखवा. सुपरवायझर खेकसेल, सेफ्टी ऑफिसर नाव टिपून घेईल, आणि दोघांचंही बरोबर असेल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पस्तिसाव्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची सोय लिहून ठेवली. चालत्या यंत्राशी झटणाऱ्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे हवेत, असं बाविसाव्या कलमात सांगितलं. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. छातीवर बिल्ला लागतो, हात पुढे करून शपथ होते, घोषवाक्यांना बक्षिसं मिळतात.

आता शपथ घेतलेला हाच माणूस रविवारी सकाळी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बघा. अंगात बनियन, कमरेला लुंगी, पायात स्लिपर, खाली प्लास्टिकची डुगडुगती खुर्ची, हातात नवंकोरं कॉर्डलेस ड्रिल, मान वर, डोळे सताड उघडे. पडद्याच्या रॉडसाठी लिंटेलला भोक पाडणं चालू आहे. खुर्ची धरायला बायको उभी आहे आणि सिमेंटची भुकटी दोघांच्याही डोळ्यांत पडते आहे. या माणसाला अज्ञानी म्हणून सोडून देता येत नाही. त्याला सगळं ठाऊक आहे, तोंडपाठ आहे. शनिवारी संध्याकाळी कार्ड पंच करताना त्याने ते सगळं गेटवर काढून ठेवलं, एवढंच. मी त्याला मूर्ख म्हणतो. शिकलेला मूर्ख म्हणतो. न शिकलेल्याला निदान काही सांगता तरी येतं. याला सांगायला गेलं की हा आपला हुद्दा सांगतो.

हुद्द्यानंतर येतो सिद्धान्त. "अहो, बॅटरीवर चालतं हे! वायरच नाही, शॉक कुठून बसणार?"

मशीनला वायर नाही. भिंतीला आहे ना! प्लास्टरखाली दीड-दोन सेंटिमीटरवर पीव्हीसीच्या पाइपातून २३० व्होल्ट धावत असतात आणि कन्सील वायरिंगचा नकाशा बिल्डरने तुमच्या हाती कधीच दिलेला नसतो. बिट पोलादाचं, ते धरणाऱ्या चकचे जबडे पोलादाचे. बिट वायरमध्ये घुसलं की मशीनच्या पुढच्या उघड्या धातूत तोच दाब उतरतो, आणि नेमका तिथेच हे महाशय नेम धरायला डावा हात टेकवतात. पकड फक्त रबरी मुठीवर ठेवायची, ती त्याचसाठी दिलेली असते. हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. पण ती पुस्तिका खोक्यातून बाहेर येते कधी? खोकं रद्दीत जातं तेव्हा.

खरा मूर्खपणा याच्याही पुढे आहे. वायरवाल्या ड्रिलला चालायला घरात वीज लागते, म्हणून मेन स्विच बंद करून काम करणं त्याला जमत नसे. कॉर्डलेसला जमतं! मेन बंद करा, घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, खिडकीच्या उजेडात भोक पाडा, पुन्हा चालू करा. पाच मिनिटांचं काम. भिंतीतल्या विजेपासून पूर्ण संरक्षण देणारी सोय या मशीनने फुकट आणून दिली आहे, आणि बॅटरीच्या नावाने छाती फुगवणाऱ्यांपैकी एकालाही ती सुचत नाही, कारण तेवढ्यात क्रिकेटची एक ओव्हर हुकेल. मेन पाडायची नसेल तर निदान रीत पाळा. वायरचा पाइप साधारणपणे स्विचबोर्डातून सरळ वर किंवा सरळ खाली जातो. त्या उभ्या पट्ट्यात भोक नको. नळाच्या आणि गीझरच्या वर-खालीही नको, तिथे पाण्याची लाइन असते. ही रीत सगळे इलेक्ट्रिशियन पाळतात असंही समजू नका. पाइप वाचवायला भिंतीत तिरकी झिरी मारणारे लोक याच शहरात आहेत. म्हणून पुन्हा सांगतो, मेन बंद करा.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर नाशिकच्या भिंतींबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण आपला रविवारचा अभियंता सगळ्या भिंतींना एकच भिंत समजतो. जुन्या नाशकात, भद्रकाली-पंचवटीच्या वाड्यांमध्ये लाकडी सांगाडा आणि माती-चुन्यातली वीट. तिथे हॅमर मोड लावला की भोकाऐवजी खिंडार पडतं, मग "जुनी बांधकामं काही कामाची नाहीत" असं वाड्यालाच ऐकवलं जातं. तो वाडा ज्यांनी उभा केला त्यांना असली भाषा कुणी केलेली खपली नसती. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे ठोकळे आले आहेत. ते हलके, सच्छिद्र. त्यांनाही हॅमर नको. साध्या फिरकीवर बिट लोण्यात गेल्यासारखं आत जातं. पण साधी प्लास्टिकची गिट्टी त्यात धरत नाही, सिपोरेक्ससाठी वेगळे प्लग मिळतात. ते न लावता टीव्हीचा ब्रॅकेट टांगायचा आणि टीव्ही खाली आला की कंपनीच्या ग्राहकसेवेवर ओरडायचं, हा प्रकार मी पाहिला आहे. भट्टीच्या विटेला हॅमर चालतो, मऊ हाताने. बाथरूमच्या टाइलला हॅमर मुळीच नाही: वर चिकटपट्टी लावायची, हळू वेगाने टाइल पार करायची, मग हवा तर मोड बदलायचा.

आणि कॉलम, बीम, स्लॅब? तिथे आत सळई आहे. काँक्रीटमध्ये बिट एकाएकी पुढे जाईना, आवाज बदलला, की समजायचं सळई लागली. थांबायचं. बोट-दोन बोटं बाजूला सरकून नवं भोक. आपला वीर काय करतो? सगळं अंग मशीनवर टाकतो. बिट अडकतं, मोटार थांबत नाही, आणि मशीन त्याच्या मनगटासकट फिरतं.

हे फिरणं किती जोराचं असतं, याचा हिशेब एकदा करून टाकू. चांगल्या १८ व्होल्टच्या ड्रिलचा जास्तीत जास्त पीळ पन्नास-साठ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचं वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल, तेवढा. तो एका क्षणात, बेसावध, वाकड्या मनगटावर. आणि खाली ती खुर्ची. म्हणून जड कामाला बाजूचा दांडा लावायचा, दोन्ही हातांनी धरायचं, पाय जमिनीवर किंवा धड घोड्यावर ठेवायचे. बहुतेक घरांत तो दांडा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. मोठ्या भोकाला किंवा जाड स्क्रूला पहिला गिअर, म्हणजे वेग कमी आणि पीळ जास्त; बारीक भोकाला दुसरा. गिअर बदलायचा तो मशीन थांबल्यावर. चालत्यात बदलून आत दाते झिजले की दुकानदाराला "तुमचा माल चायना" म्हणून सुनवायचं, हाही आपल्याकडचा ठरलेला खेळ आहे. स्क्रू बसवताना पुढच्या कड्यावरचे आकडे वापरायचे, ते शोभेचे नसतात. ठरलेला पीळ आला की क्लच टकटक करून सुटतो. स्क्रूचं डोकं वाचतं, प्लायही वाचतो.

ड्रिलला पिस्तुलाची मूठ आणि चाप देण्याचं पेटंट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीला १९१७ मध्ये मिळालं. त्याच कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवर चालणारं ड्रिल बाजारात आणलं. मुठीचा आकार पिस्तुलाचा असल्याने आपल्याकडच्या पुरुषांचं काहीतरी बिघडतं, असं माझं ठाम मत झालं आहे. दोनदा चाप हवेत ओढल्याशिवाय एकाचंही काम सुरू होत नाही. पोरासमोर, पाहुण्यांसमोर, फिरतं बिट हवेत नाचवायचं! मशीनच्या दोन्ही बाजूंनी दाबलं जाणारं ते बटण सुलटं-उलटं फिरवण्यासाठी असतं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. ते मधोमध ठेवलं की चाप कुलूपबंद होतो, हे किती जणांना माहीत आहे? मशीन खाली ठेवताना, कुणाच्या हातात देताना बटण मध्ये. बिट बदलताना बॅटरी काढून बाजूला, कारण चक हाताने आवळताना चापावर बोट गेलं तर तो चक तुमच्या तळव्यात फिरणार आहे. आणखी एक, ज्यावर लोक माझ्याशी हमखास वाद घालतात: फिरत्या बिटाजवळ सैल सुती हातमोजे घालायचे नाहीत. सुरक्षिततेच्या नावाखाली घातलेला तो मोजा बिटाला गुंडाळला जातो आणि सोबत बोट नेतो. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली पोत, लोंबती बाही, सगळं आवरून बांधायचं.

आता भुकटीचं बघा. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांच्याकडे चंद्रावर बॅटरीचंच ड्रिल होतं. पृथ्वीवर सराव करून गेलेली माणसं ती. तरी भोकातली भुकटी नीट वर येईना, नळी जाम झाली, आणि गाभ्याचा नमुना उपसताना दोघांना अक्षरशः खांदे लावावे लागले. भोक खोल असेल तर बिट मधूनमधून बाहेर काढून भुकटी सांडू द्यावी लागते, हे इतकं मूलभूत आहे. आमच्या महाशयांनी सराव सोडाच, पुस्तिकेचं पहिलं पान उघडलेलं नाही. लोखंडाला भोक पाडताना आधी पंच मारायचा, वेग कमी ठेवायचा, तेलाचा थेंब सोडायचा. आयटीआयला फिटर झालेला कुठलाही पोरगा हे झोपेत सांगेल. स्टीलवर पूर्ण वेगाने दाबत राहून बिट निळं पाडणाऱ्या साहेबाला त्या पोराचा सल्ला घ्यायला मात्र कमीपणा वाटतो.

आता बॅटरी. इथे मूर्खपणाला लबाडी येऊन मिळते. मशीनवर छापलेलं असतं ४८ व्होल्ट. कुठे ८८. जवळ जाऊन पाहिलं तर मागे बारीक "व्हीएफ". या "व्हीएफ"ला विद्युतशास्त्रात काहीही अर्थ नाही. ग्राहकाला गंडवण्यासाठी जोडलेली ती दोन अक्षरं आहेत. लिथियम-आयन सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट, भरल्यावर २१. म्हणूनच एका कंपनीचं १८, दुसरीचं "२० मॅक्स" आणि तिसरीचं २१ हे बहुधा एकच असतं. खरे ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा सेल लागतील, आणि तेरा सेल त्या तळहाताएवढ्या डब्यात मावत नाहीत. सुटे सेल घेणाऱ्यांची तऱ्हा आणखी वाईट. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब अशा नळकांडीवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं असतं. नावाजलेल्या कारखान्यांचे याच मापाचे सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतात. जो आकडा इतका उघड खोटा छापतो, त्याने आत संरक्षक सर्किट खरं घातलं असेल, असं मानणारा ग्राहक मला हवाच आहे. त्याला मी त्र्यंबक रोड विकेन.

लिथियमच्या बॅटरीला भारतीय मानक ब्युरोचं आयएस १६०४६ हे मानक आहे आणि नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर ती खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. बॅटरी ज्या कंपनीची, चार्जरही तिचाच. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून "रिपॅक" करून देणारे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत; त्यांच्या हातचं काम घरात झोपेच्या वेळी चार्जिंगला लावणं म्हणजे कुटुंबाचा जीव पाचशे रुपयांसाठी डावाला लावणं. बरी बॅटरीसुद्धा आपण जागे असताना, कडप्प्यावर किंवा फरशीवर, पडद्या-गाद्यांपासून लांब ठेवून चार्ज करायची. काम करून गरम झालेली बॅटरी आधी निववायची, मग चार्जरवर. फुगलेली, पडून चेपलेली, पावसात भिजलेली बॅटरी चार्ज करायचीच नाही. आतला द्रव ज्वलनशील असतो. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो आणि हे थांबवणं तुमच्या हातात राहत नाही.

उन्हाळ्यात आपलं शहर चाळिशी गाठतं. बहुतेक कंपन्या चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर चार्जिंग करू नका म्हणतात. तरी एप्रिलात ड्रिल दिवसभर बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत, बागायतदाराचं ड्रिल पत्र्याच्या शेडमध्ये. दुसऱ्या टोकाला निफाड. जानेवारीत तिथे पारा चार-पाच अंशांच्याही खाली उतरतो. गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत चार्ज केलं की आत लिथियमचा धातूच साचू लागतो. सेल कायमचा कमजोर होतो आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते. पहाटे द्राक्षबागेत काम असेल तर बॅटरी रात्री घरात ठेवायची. महिनोन् महिने वापर नसेल तर निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. ठणठणीत रिकामी ठेवू नका. सुटी बॅटरी स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात टाकू नका. एका स्क्रूने दोन टोकं जोडली की तो स्क्रू क्षणात तापतो.

निगेचं काय? निगा म्हणून आपण एकच गोष्ट मन लावून करतो: खंडेनवमीला पूजा. ड्रिल पाटावर मांडायचं, चकला झेंडूचा हार घालायचा, वरून हळद-कुंकू. कुंकू कुठे पडतं? मोटारीला हवा मिळावी म्हणून ठेवलेल्या जाळीत. पूजेला माझा विरोध नाही, हत्यारापुढे वाकणारा माणूस मला आवडतो. पण उरलेले ३६४ दिवस त्याच जाळीत सिमेंटचा थर बसू द्यायचा, हा त्या हत्याराचा अपमान आहे. जुन्या नाशकातले तांबट ठोकणीचं तोंड चकचकीत ठेवतात, कारण तिच्यावरचा ओरखडा भांड्यावर उमटतो. तुम्हाला एवढंच करायचं आहे: काम झालं की बॅटरी काढा, जाळीतली धूळ ब्रशने किंवा हवेने उडवा, कोरड्या फडक्याने पुसा, चक पूर्ण उघडून तोंड खाली करून हलकेच ठोका. थिनर-पेट्रोल लावू नका, प्लास्टिक कुजतं. जाळीत तेल सोडू नका. मोटार ब्रशवाली असेल आणि ठिणग्या वाढल्या, जळका वास आला, तर कार्बन बदलून घ्या. बोथट बिट फेकून द्या. बोथट बिटामुळे माणूस जोर लावतो, आणि अपघात त्या जोराने होतात.

एका गोष्टीचा मला राग सगळ्यांत जास्त येतो. फर्निचरवर लाखो रुपये घालणारा गंगापूर रोडचा मालक, त्याच्या घरात दिवसभर छताला भोकं पाडणाऱ्या पोराला शे-दीडशे रुपयांचा गॉगल आणि एक धड मास्क देत नाही. घरमालकाच्या चार भोकांची गोष्ट वेगळी. त्या पोराचा तो रोजचा श्वास आहे. वाळू-सिमेंटच्या धुळीत सिलिका असते. श्वासात जाणारी स्फटिक सिलिका कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केलं. सिलिकोसिसने निकामी झालेलं फुफ्फुस पुन्हा बरं होत नाही. कारखान्यात हा आजार सरकारला कळवावा लागतो. फ्लॅटमध्ये कोण कळवणार? तिथे निरीक्षक येत नाही, मालक बाल्कनीत चहा पीत मार्बलच्या रंगावर बोलत असतो, आणि पोरगा तोंडाला रुमाल बांधून खोकत असतो. रुमाल ती बारीक धूळ अडवत नाही. हा मालक दिवसा कुठल्यातरी कंपनीत सेफ्टी कमिटीवर असेल तर त्याने तिथला राजीनामा द्यावा, असं मी तोंडावर सांगायला तयार आहे.

शेवटी मेलेली बॅटरी. नाशिकची घंटागाडी राज्यभर नावाजली. तिच्यात लोक काय टाकतात हे घंटागाडीवरच्या माणसांना विचारा. लिथियमची बॅटरी कचऱ्यात दबली, चेपली, की पेटू शकते. आधी गाडीत, नाहीतर पुढे पाथर्डीजवळच्या खत प्रकल्पावर. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे आणि ग्राहकाने त्या बाकीच्या कचऱ्यापासून वेगळ्या द्यायच्या आहेत. बॅटरीवर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र असतं ते त्यासाठीच. तेव्हा दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ज्या दुकानातून मशीन घेतलं तिथे जाऊन विचारा: ही कुठे जमा करायची? "टाका हो कुठेही" म्हणाला, तर त्याच्याकडून स्क्रूचं पाकीटसुद्धा घेऊ नका.